हिरव्या दिव्याची तात्पुरती व्यवस्था

३ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला कप्तानपदाच्या चाचणीला बसवलं, ही बातमी तुझ्या मामीने मला तीनदा सांगितली. दोनदा मला ऐकू आली नव्हती आणि तिसऱ्यांदा ती रडत होती, म्हणून काहीतरी वाईट झालं असं समजून मी चप्पल घालून बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिने गाठलं. तर आशीर्वाद, पोटभर.

आपण दोघं एकाच धावपट्टीवर पोट भरतो आणि एकमेकांना पत्रं लिहितो, हे बाहेर सांगायची सोय नाही. तू दर गुरुवारी इथे विमान उतरवतेस, पंचवीस मिनिटं थांबतेस आणि जातेस. मी धावपट्टीच्या टोकाला, कुंपणालगतच्या माझ्या यंत्रखोलीच्या दारातून तुझ्या विमानाचं शेपूट बघतो. माझा पास यंत्र विभागाचा, तुझी हद्द प्रवासी विभागाची आणि मधे जमिनीवर एक पिवळी रेघ. ती ओलांडायचा अर्ज मी ऑक्टोबरात दिला होता. त्यावर 'नातेसंबंधाचा पुरावा जोडावा' असा शेरा येऊन तो परत आलाय. मामा असल्याचा पुरावा कुठल्या खिडकीवर मिळतो, ते शोधतोय. फोनचं म्हणशील तर जनरेटरशेजारी सव्वीस वर्षं काढल्यावर फोनमध्ये मला फक्त समोरच्याची दमछाक ऐकू येते. तेव्हा तुमच्या विमानातून जाणारी टपालाची थैली बरी.

चाचणीआधी आमच्या यंत्रांची हकीकत तुला माहीत असावी. ढगातून उतरणाऱ्या वैमानिकासाठी इथे दोन यंत्रं आहेत. एक डावं-उजवं सांगतं, ते ठणठणीत आहे. दुसरं वर-खाली सांगतं, म्हणजे उतरण बरोबर चाललीय का ते. ते ग्लाइड पाथ माझ्या ताब्यात आहे आणि आठ महिने बंद आहे. त्यातलं एक सर्किटचं कार्ड जळलं. तळव्याएवढं कार्ड. मी मुख्यालयाला अकरा पत्रं लिहिली. त्यांनी प्रत्येक पत्राची पोच पाठवली आणि दर महिन्याला 'ग्लाइड पाथ पुढील सूचना मिळेपर्यंत बंद' ही नोटीस नव्याने काढली. नोटीस काढण्यात मात्र आमच्याकडे एक दिवस इकडचा तिकडे होत नाही.

एक सांगतो, पदरात बांधून ठेव. कागदाचं कधी खरं धरू नकोस. यंत्र चालतं तरी किंवा चालत नाही तरी. त्याला साहेब नसतो, म्हणून ते खोटं बोलत नाही.

तुझा,
मामा

८ मार्च

ती. मामा,

खुर्चीच्या पट्ट्यात जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

चाचणी सुरू झाली. आठ फेऱ्या आहेत. डाव्या खुर्चीत मी आणि उजव्या खुर्चीत आमचे परीक्षक. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे छडीमास्तर म्हणतात. मांडीवर वही, वहीत रकाने. मी खिडकीबाहेर पाहिलं की ते वहीत काहीतरी लिहितात. "नजर आत, बाई. काटे बघा. डोळे फसवतात, काटे फसवत नाहीत." तुझंच वाक्य, फक्त तू ते चहा पिताना म्हणतोस.

तुझं यंत्र बंद असल्यामुळे मला तक्त्यावर उतरावं लागतं. इतक्या मैलांवर इतकी उंची असा कागद मी मांडीला चिकटवते. प्रत्येक मैलाला उंची मोठ्याने वाचायची, तक्त्याशी ताडायची आणि ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर मुकाट्याने वर जायचं. मामा, ती कटकट मला आवडते, हे छडीमास्तरांना सांगू नकोस. दर मैलाला आपण कुठे आहोत ते आपल्याला स्वतःला माहीत असतं.

तुमच्या नोटिशींबद्दल मात्र आमच्याकडे हसतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा तुमच्याकडे फाटला होता ना? तो बदलून दोन वर्षं झाली. मी स्वतः दर गुरुवारी नवा बघते. 'मोजा फाटला आहे' ही नोटीस अजून चालू आहे. छडीमास्तर म्हणतात, या विमानतळाच्या नोटिसा इतिहास म्हणून वाचाव्यात.

या आठ फेऱ्यांत नापास झाले तर पुन्हा उजवी, सहवैमानिकाची खुर्ची, बहुतेक कायमची. हे मामीला सांगू नकोस.

भिंगरी

१७ मार्च

प्रिय भिंगरी,

गेला आठवडा मोठ्या धामधुमीत गेला. मुख्यालयाचं तपासणी पथक येणार म्हणून आमच्या साहेबांनी झाडांच्या बुंध्यांना रंग दिला, कुंपणाला रंग दिला आणि माझ्या खोलीबाहेरच्या अग्निशामक बादलीलाही रंग दिला. तिच्यातली वाळू त्यासाठी काढली होती, ती परत भरायची राहिली. मग साहेब टॉवरवर गेले आणि त्यांना तिथल्या पॅनेलवर माझ्या यंत्राचा लाल दिवा दिसला. तो आठ महिने तिथेच होता, पण तोवर साहेब टॉवरवर गेले नव्हते.

मला बोलावणं आलं. "पाच हिरवे आणि मधेच एक लाल, बरं दिसत नाही," साहेब म्हणाले. मी म्हटलं, कार्ड आलेलं नाही. ते म्हणाले, "मी कार्डाबद्दल बोलतच नाहीये. मी दिव्याबद्दल बोलतोय."

तर भिंगरे, तुझ्या मामाने सव्वीस वर्षं काही नुसती हवा खाल्लेली नाही. गुरुवारी पथक आलं तेव्हा सहाच्या सहा दिवे हिरवे होते. पथकाच्या प्रमुखांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. साहेबांनी सगळ्यांसमोर मला 'आमचे जादूगार' म्हटलं. कसं केलं ते विचारू नकोस, कारागिराची काही गुपितं असतात. यंत्र चालू आहे एवढं लिहितो. येत्या २७ तारखेला पथक प्रशस्तिपत्र द्यायला परत येणार आहे. मामीने माझा सदरा इस्त्रीला टाकला आहे.

तुझा,
मामा (जादूगार)

२१ मार्च

ती. मामा,

जादूगार महाशय, तुम्हाला विमान कंपनीतर्फे सलाम.

तुझं पत्र मिळालं आणि कालच्या फेरीत मी मुद्दाम तुझ्या यंत्राचा सूर लावला. काटा जिवंत. यंत्र बंद असलं की काट्यापाशी पडतं ते लाल निशाण पडलं नाही, काही नाही. नोटीस अर्थातच अजून 'बंद'च म्हणते, पण फाटक्या मोज्याची गोष्ट मला पाठ आहे. छडीमास्तरांना म्हटलं, यंत्र दुरुस्त झालंय, माझे मामाच ते सांभाळतात. ते म्हणाले, "मग वापरा, बघू." तक्ता घडी करून खिशात टाकला.

आणि काय सांगू, मामा. नऊ मैलांवर बघितलं तर काटा मधोमध, म्हणजे उंची अगदी बरोबर, आणि तो तिथेच राहिला. मी इतकी सुरेख कधीच उतरले नव्हते. एरवी माझा काटा डुगडुगतो. काल ढिम्म हलला नाही. छडीमास्तर पहिल्यांदा खूष झाले. वहीत त्यांनी 'उतरण: निर्दोष' लिहिलं, मी अहवालात 'सर्व सामान्य' लिहिलं आणि दोघांनी सही केली.

एकच. टेकडीवरच्या घरांवरून जाताना मला जरा खाली आल्यासारखं वाटलं. आकाश स्वच्छ होतं, म्हणून नजर बाहेर गेली. पण काटा मधोमध होता आणि मास्तरांची पेन्सिल उचललेली होती, तेव्हा मी नजर आत घेतली. डोळे फसवतात, हेच खरं. पुढच्या गुरुवारी ढग असणार म्हणे. तुझं यंत्र आहे, मग काळजी नाही.

पत्र सोमवारच्या विमानातून पाठवते. त्या दिवशी माझी फेरी नाही.

भिंगरी

२७ मार्च, दुपार

भिंगरी,

तुझं पत्र सोमवारीच इथे आलं. आवक विभागात त्याच्यावर शिक्का बसायला, नोंद व्हायला आणि 'खासगी आहे काय' यावर साहेबांचं मत घ्यायला तीन दिवस लागले. ते माझ्या हातात आज सकाळी दहाला पडलं. तेव्हा तू आकाशात होतीस. ढग टेकडीवर टेकले होते.

आता गुपित सांगतो. त्यात जादू काहीच नाही. माझं यंत्र दोन सूर सोडतं. विमान फार वर असेल तर एक सूर जोरात लागतो, फार खाली असेल तर दुसरा, आणि त्यांच्या फरकावर तुझा काटा हलतो. जळलेलं कार्ड हा फरक करायचं. ते नाही म्हणून दोन्ही सूर सगळीकडे सारखेच. म्हणजे विमान कुठेही असो, ढगाच्या वर असो की कुणाच्या स्वयंपाकघरात, काटा मधोमध. असं झालं की पहारेकरी, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणारा त्यातलाच एक भाग, यंत्रच बंद करतो आणि टॉवरवर लाल दिवा लागतो. तो चोख काम करत होता, आठ महिने. मी त्याची तार काढली. दिवा हिरवा झाला.

मी म्हटलं, नोटीस आहेच, कोण बघतंय काट्याकडे. नोटिशीवर विश्वास ठेवू नये, हे तुला मीच लिहिलं होतं. तेवढं विसरलो. या वेळी कागद खरं बोलत होता आणि यंत्र खोटं, आणि त्याला खोटं बोलायला मी शिकवलं.

टॉवरला फोन केला. टॉवरवाल्या बाईंना म्हटलं, विमानाला सांगा, काटा धरू नका. पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पुष्कळ माणसांचा आवाज होता. पथक वर होतं, प्रशस्तिपत्र चाललं होतं. मी दोनदा ओरडून सांगितलं आणि ऐकू गेलं की नाही याची वाट न बघता मुख्य खटकाच पाडला. यंत्र मेलं. मेलेलं यंत्र निदान लाल निशाण तरी पाडतं.

मग दारात उभा राहिलो. ढगात तुझा आवाज आला, म्हणजे मला तो छातीत जाणवला, कानात नाही. आवाज आला आणि वर निघून गेला. विमान दिसलंच नाही. भिंगरे, त्यानंतरची अकरा मिनिटं मी घड्याळावर एकेक मोजली. दुसऱ्या खेपेला तू ढगातून बाहेर आलीस, बरोबर जिथे असायला हवं तिथे.

हे पत्र तुझ्याच विमानाच्या थैलीत टाकतोय. पिवळ्या रेघेपर्यंत आलो होतो. रखवालदाराने अडवलं.

मामा

२९ मार्च

मामा,

पत्र वाचलं. पहिल्यांदा मी ते टेबलावर ठेवलं, हात धुतले आणि मग परत वाचलं. राग आलाय, तो आहे तसाच लिहिते. एका दिव्यासाठी, मामा. माझ्यामागे बेचाळीस माणसं होती. लहानपणी मला कुंपणापाशी खांद्यावर घेऊन तूच दाखवायचास की ते बघ, विमान कसं अंदाजाने नाही, मोजून उतरतं. तो माणूस आणि दिव्यासाठी तार काढणारा माणूस, दोघांना एकाच सदऱ्यात बसवायला मला जड जातंय.

परवा काय झालं ते ऐक. टॉवरवरून काही सांगितलं गेलं नाही. बाई बोलायला लागल्या आणि मागे टाळ्या ऐकू आल्या, बाकी काही नाही. उतरण सुरू करायला मैलभर उरला होता, काटा मधोमध, आणि एकदम लाल निशाण पडलं. मी तुला एक सणसणीत शिवी दिली. दुरुस्त होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच बंद. मग खिशातून तक्ता काढला. घडी उलगडताना मास्तरांच्या वहीला हात लागून ती खाली पडली. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही, वर गेले. दुसऱ्या खेपेला दिसली. ती शिवी परत घेते. ते निशाण पडायला दहा मिनिटं उशीर झाला असता, तर शिवी परत घ्यायला मी नसते.

आता माझं. मी तुला लिहिलं होतं, 'जरा खाली आल्यासारखं वाटलं.' ते जरा नव्हतं. तक्त्याप्रमाणे असायला हवं त्यापेक्षा मी चारशे फूट खाली होते. टेकडीवरच्या एका गच्चीत बाई कपडे वाळत घालत होती. दोरीवर निळी चादर होती आणि चार मोजे होते. मोजे दिसले, मामा. तिने वर पाहिलं. आणि मी नजर आत घेतली, कारण मला पास व्हायचं होतं. मग 'सर्व सामान्य' लिहून सही केली. तेव्हा तार तू एकट्यानेच काढलेली नाहीस.

उद्या मी २० तारखेचा अहवाल बदलून देणार आहे. त्याचं काय होईल ते मला माहीत आहे.

भिंगरी

१० एप्रिल

प्रिय भिंगरी,

चौकशी झाली. तीन दिवस चालली, तीन सदस्य होते. दिवा लाल कसा झाला याची चौकशी झाली. हिरवा कसा झाला होता हे मी सांगायला लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, तो विषय आमच्या कक्षेत नाही. मी लेखी दिलं. त्यांनी पोच दिली.

तुझा बदललेला अहवालही तिथे आला होता. तुमच्या छडीमास्तरांना विचारलं, विमान चारशे फूट खाली होतं, ते आपण पाहिलं नाहीत? ते म्हणाले, "मी पाहत नव्हतो, मी तपासत होतो." हे मात्र समितीला पूर्ण पटलं.

निकाल असा. यंत्रात दोष आढळला नाही, कारण ते बंद होतं. साहेबांवर ठपका नाही, कारण त्यांनी फक्त दिव्याबद्दल विचारणा केली होती. मान्यवरांसमोर पूर्वपरवानगीशिवाय खटका पाडल्याबद्दल मी दोषी. तार काढल्याची शिक्षा मी मागितली होती, ती मिळाली नाही, ही मिळाली. भोगायची दोन्हींसाठीच आहे, त्यामुळे मी कुरकुर केलेली नाही. दारावर नोटीस लागली आहे. नोटिसा काढणारा कारकून तोच, मसुदा तोच. 'सदर तंत्रज्ञ पुढील सूचना मिळेपर्यंत बंद.' सेवेतून असं लिहायचं त्याच्याकडून राहिलं. मामीने ती वाचली आणि मला त्या दिवशी चहा विचारला नाही. म्हणाली, बंद आहात ना.

काल मुख्यालयातून माझ्या अकरा पत्रांवरची कारवाई आली. खोकं मोठं होतं, कार्ड आलं असं समजून मी ते उभ्याउभ्याच फोडलं. आत भुसा आणि भुशात तीन हिरवे दिवे. जादा.

यंत्र बंद आहे आणि पहारेकऱ्याची तार मी जाण्यापूर्वी जागेवर लावून आलोय. तिच्यावर लाखेची मोहर केली आहे. टॉवरवरचा दिवा लाल आहे. त्याच्यावर साहेबांनी कॅलेंडर टांगलंय असं कळलं. पास जमा केला. आता मी कुठल्याच विभागाचा नाही.

तुझ्या चाचणीचं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस. राग असला तर तोच लिही.

मामा

१५ एप्रिल

ती. मामा,

चाचणी पुन्हा पहिल्यापासून. नव्या परीक्षक बाई आहेत. त्या वही आणत नाहीत, बाहेर बघतात आणि मला विचारतात, "तुम्हाला काय दिसतंय?" पहिल्या दिवशी मी सवयीने काटेच वाचून दाखवले. आठवी फेरी २४ तारखेला आहे, तुमच्याकडे उतरायची.

राग आहे. थोडा कमी झालाय. तू खटका पाडलास तेव्हा समोर प्रशस्तिपत्र होतं आणि अंगात इस्त्रीचा सदरा होता, हे मामीने मला वेगळ्या पत्रात लिहिलंय. तू लिहिलं नव्हतंस.

आता नीट वाच. तू कुठल्याच विभागाचा नाहीस असं लिहितोस. म्हणजे तू प्रवासी होऊ शकतोस. नातेवाईकांना आमच्याकडे वर्षातून एक जागा मिळते. अर्जात आई, वडील, नवरा, मुलं एवढेच रकाने आहेत. मामा नाही. मी वडिलांच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. कुणी पुरावा मागितला नाही.

२३ तारखेला बसने इकडे ये. दुसऱ्या दिवशी मी तुला घरी सोडते, विमानाने.

भिंगरी

२४ एप्रिल, विमानात

(सेविकेच्या हाती, पुढे चालकांकडे)

भिंगरी,

हे पत्र फक्त चार रांगा प्रवास करणार आहे, यावर शिक्का नाही. मी डाव्या खिडकीत बसलोय. पट्टा इतका आवळलाय की मामीने दिलेली खोकल्याची गोळी खिशातून काढता येत नाही. सव्वीस वर्षं लोकांना खाली आणलं, स्वतः पहिल्यांदाच वर आलोय. खाली ढग आहेत. मला भीती वाटते, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. काटा काय म्हणतो?

मामा

(त्याच कागदाच्या मागे)

मामा,

काटा काही म्हणत नाही. लाल निशाण पडलेलं आहे आणि तक्ता मांडीवर आहे. ढग टेकडीच्या बरेच वर संपतात असं टॉवर म्हणतोय. चार मैलांवर डाव्या हाताला ती टेकडी येईल, तिच्यावर ती गच्ची. दोरीवर मोजे दिसले तर लगेच डोक्यावरची घंटी दाब, मी वर जाईन. परीक्षक बाई विचारतील, मी सांगेन, माझ्या माणसाने पाहिलंय.

उतरल्यावर पिवळ्या रेघेपाशी थांब. मी येते.

भिंगरी

(खाली, वाकड्या अक्षरात)

गच्ची दिसली. दोरी दिसली. मोजे दिसले नाहीत. ये खाली.